सुट्या भागांचा संगणक : एका निवडीचा इतिहास

कोणतेही यंत्र घरात येते ते दोन वाटांनी. एक वाट कारखान्यातून सिद्ध होऊन बंद पेटीतून येण्याची. दुसरी, निरनिराळ्या ठिकाणी तयार झालेले भाग निवडून ते एकत्र जुळविण्याची. शिवणयंत्र, मोटार किंवा शीतकपाट पहिल्या वाटेने येते आणि विकत घेणाराचे काम नाव, किंमत व रंग पाहण्यापुरतेच उरते. संगणक हे मात्र असे यंत्र आहे की, ज्याच्या बाबतीत दुसरी वाट अर्धशतक उलटून गेल्यावरही बंद झालेली नाही. त्यातही ज्यांना संगणकावर खेळ खेळावयाचे असतात, त्यांचा ओढा या दुसऱ्या वाटेकडेच अधिक असतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचा नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर अशा ठिकाणी भागांची यादी हातात घेऊन येणारे ग्राहक याच वर्गातले. त्यांच्या अटी बहुधा तीनच असतात. खेळ सुरळीत चालावेत, खर्च बेताचा असावा आणि यंत्राने निदान पाच-सहा वर्षे दगा देऊ नये. पहिल्या अटीचे उत्तर जाहिराती देतात, दुसरीचे दुकानदार देतो. तिसरीचे उत्तर मात्र सहसा कोणीच देत नाही, आणि खरी मेख तेथेच आहे. मध्यम मिळकतीच्या घरात अशा खरेदीसाठी साठविलेली रक्कम एकदाच खर्च व्हावयाची असते. दुसऱ्या वर्षी यंत्र बंद पडले तर ती रक्कम पुन्हा उभी राहत नाही.

या तिसऱ्या अटीचे उत्तर यंत्राच्या इतिहासात आहे. तो इतिहास दोन गोष्टी सांगतो. सुटे भाग निवडण्याचा अधिकार सामान्य माणसाच्या हाती कसा आला, ही पहिली. आणि तो अधिकार वापरताना माणसे वारंवार कोठे फसली, ही दुसरी.

१९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाच्या संगणकाचे चित्र झळकले. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरी एड रॉबर्ट्स यांची ‘मिट्स’ नावाची लहानशी कंपनी होती. तिने हा संगणक ३९७ डॉलरना सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने देऊ केला. तो घरी डाख देऊन जोडावयाचा होता. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. पुढच्या बाजूस होते ते केवळ खटके आणि दिवे. परंतु त्याच्या पोटात शंभर टोकांची एक समाईक जोडणी होती, आणि त्या जोडणीत बसणारे कार्ड कोणीही तयार करू शकत असे. लवकरच त्याचा उपयोग झाला. मिट्सने विकलेली मेमरीची कार्डे नीट चालेनात, तेव्हा ग्राहकांनी इतर कारखानदारांची कार्डे घेऊन त्याच संगणकात बसविली. वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात निवडीचा अधिकार प्रथम वापरला गेला तो असा; अधिक वेगासाठी नव्हे, तर अधिक भरवशासाठी.

पुढे दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘ॲपल टू’ बाजारात आला. त्याचे रचनाकार स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी त्यापूर्वी ‘अटारी’ कंपनीच्या ‘ब्रेकआउट’ या खेळाच्या मंडलावर काम केले होते. तोच खेळ घरच्या संगणकावर चालावा, या इच्छेतून ‘ॲपल टू’मधील रंग, ध्वनी आणि खेळण्याची हातकळ या सोयी जन्मास आल्या, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. विस्तारकार्डांसाठी जागा किती ठेवाव्यात, यावरून त्यांचा आणि स्टीव्ह जॉब्स यांचा मतभेद झाला. जॉब्स यांना दोन पुरेशा वाटत होत्या. वॉझ्नियॅक यांनी आठ ठेवल्या. खेळ आणि विस्तारक्षमता यांची सांगड अशी प्रारंभापासूनची आहे.

तथापि आजच्या सुट्या भागांच्या बाजाराचा पाया घातला तो ‘आयबीएम’ या बलाढ्य कंपनीने, आणि तोही काहीसा अनवधानाने. १२ ऑगस्ट १९८१ रोजी तिने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालील एका लहान तुकडीने तो सुमारे वर्षभरात सिद्ध केला होता. इतक्या थोड्या अवधीत प्रत्येक भाग कंपनीतच तयार करणे शक्य नव्हते. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, चकत्या फिरविणारी यंत्रे टँडनची घेतली. मंडलात विस्तारकार्डांसाठी पाच जागा ठेवल्या, आणि इतरांना कार्डे तयार करता यावीत म्हणून सर्व मंडलांचे आराखडे एका तांत्रिक पुस्तिकेत छापून ती विकावयास ठेवली.

पुस्तिकेत सर्व काही होते. पण एक गोष्ट वाचता येत असली तरी उतरून घेता येत नव्हती. संगणक सुरू होताच निरनिराळ्या भागांची एकमेकांशी गाठ घालून देणारा ‘बायॉस’ नावाचा छोटा आज्ञासंच हा आयबीएमच्या स्वामित्वहक्काखाली होता. ह्यूस्टन येथे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉम्पॅक’ कंपनीने त्यातून मार्ग काढला. अभियंत्यांच्या दोन तुकड्या करण्यात आल्या. पहिलीने मूळ आज्ञासंच अभ्यासून तो काय काय करतो एवढेच लिहून काढले. मूळ संच कधीही न पाहिलेल्या दुसरीने त्या वर्णनावरून नवा संच रचला. कार्य तेच, पण लेखन स्वतंत्र. १९८३ मध्ये कॉम्पॅकचा संगणक ग्राहकांच्या हाती पडला, आणि १९८४ मध्ये ‘फिनिक्स’ या कंपनीने अशाच रीतीने रचलेला बायॉस वाटेल त्या कारखानदारास विकण्यास आरंभ केला. त्या क्षणापासून ‘आयबीएमसारखा’ संगणक बनविण्यासाठी आयबीएमची अनुज्ञा लागेनाशी झाली.

हा नवा संगणक खरोखरच मुळासारखा आहे की नाही, हे कसे ओळखावयाचे? त्या काळच्या परीक्षकांनी दोन कसोट्या ठरविल्या होत्या. एक ‘लोटस १-२-३’ हा हिशेबाचा कार्यक्रम, आणि दुसरी मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा विमान चालविण्याचा खेळ. हे दोन्ही कार्यक्रम वेगासाठी मधले सारे संकेत टाळून थेट यंत्राशी व्यवहार करीत. त्यामुळे यंत्रातील बारीकसा फरकही उघडा पडे. खेळ ही यंत्राची सर्वांत कठोर परीक्षा असते, हे तेव्हापासून ठरून गेले.

आयबीएमला आपली चूक पुढे उमगली. १९८७ मध्ये तिने ‘पीएस टू’ ही नवी मालिका काढली आणि तिच्यातील ‘मायक्रो चॅनेल’ ही नवी जोडणी वापरू इच्छिणारांकडून मोबदला मागितला. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन जुन्या जोडणीशी मेळ राखणारा पर्यायी संकेत जाहीर केला. तांत्रिकदृष्ट्या मायक्रो चॅनेल सरस होते, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता येत नव्हते. परंतु त्यात आधीची कार्डे बसत नव्हती. ग्राहकांनी उघड्या संकेताची बाजू घेतली आणि मायक्रो चॅनेल कालांतराने लोपले. इंटेलने १९९२ मध्ये ‘पीसीआय’ आणि १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ हे संकेत प्रसिद्ध केले. एटीएक्समुळे मदरबोर्डची लांबी-रुंदी, स्क्रूची छिद्रे आणि वीजपुरवठ्याची जोडणी ही सारी मापे निश्चित झाली. एका कारखान्याचे कॅबिनेट, दुसऱ्याचा मदरबोर्ड आणि तिसऱ्याचा वीजपुरवठा आजही एकमेकांत बसतात, ते या मापांमुळे.

खेळांनी या व्यवस्थेला वेग दिला. मूळ आयबीएम संगणकाला एक किरकोळ पिपाणी तेवढी होती. १९८७ मध्ये ‘ॲडलिब’ने आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या ‘क्रिएटिव्ह’ कंपनीने ध्वनिकार्डे काढून तिची उणीव भरून काढली. १९९३ च्या डिसेंबरात ‘डूम’ हा खेळ आला आणि कचेरीतील संगणक किती वेगाने चित्रे रेखाटू शकतो, याची चर्चा शाळकरी मुलांतही होऊ लागली. १९९६ मध्ये ‘थ्रीडीएफएक्स’ कंपनीच्या ‘व्हूडू’ चिपने केवळ त्रिमित चित्रांचे काम करणारे स्वतंत्र कार्ड शक्य केले. १९९९ मध्ये ‘एनव्हिडिया’ने ‘जीफोर्स २५६’ आणले. थ्रीडीएफएक्सचे नाव एके काळी खेळाडूंच्या तोंडी होते. पण २००० सालच्या अखेरीस तिची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली. नाव मोठे म्हणून आधार कायमचा, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता.

भारतात ही लाट थोडी उशिरा पोहोचली. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची बंधने सैल झाली. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत त्या करारातील वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर आले. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा ग्रँट रोडनजीकचा रस्ता पूर्वी रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. तोच पुढे संगणकाच्या सुट्या भागांची पेठ बनला. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु गिऱ्हाइकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो याच सुमारास. कारण कंपनीच्या तयार संगणकापेक्षा जुळविलेला संगणक स्वस्त पडे आणि बिघडल्यास त्याचा एकच भाग बदलता येई.

येथपर्यंतचा इतिहास अधिकाराचा झाला. यापुढचा इतिहास फसगतीचा आहे, आणि बेताच्या पैशांत संगणक जुळवू पाहणारास तोच अधिक उपयोगी पडावा.

इसवी सन २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जगभर हजारो मदरबोर्ड अकाली निकामी होऊ लागले. त्यांतील प्रोसेसर उत्तम होते, मेमरी निर्दोष होती. दोष निघाला तो नळकांड्यासारख्या दिसणाऱ्या, काही पैशांना मिळणाऱ्या कपॅसिटरमध्ये. विजेच्या प्रवाहातील चढउतार शमविण्याचे काम हा भाग करतो. त्याच्या आत ॲल्युमिनियमची पट्टी आणि एक विद्युद्वाहक द्रव असतो. सदोष कपॅसिटरांतील पाणीयुक्त द्रवात ॲल्युमिनियमचे रक्षण करणारी द्रव्ये योग्य प्रमाणात नव्हती. पाण्याची धातूशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू साठे, कपॅसिटरचे डोके फुगे आणि शेवटी फुटे. नामांकित कंपन्यांचे संगणकही या रोगातून सुटले नाहीत. यानंतर मदरबोर्डवर द्रवाऐवजी घन बहुवारिक वापरलेले कपॅसिटर येऊ लागले.

निर्दोष कपॅसिटरलाही आयुष्याची मर्यादा आहेच, आणि ती उष्णतेवर अवलंबून आहे. अभियंत्यांचा ठोकताळा असा की, तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की द्रवयुक्त कपॅसिटरचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असे ज्यावर छापलेले असते, तो ८५ अंशांवर ८,००० तास आणि ६५ अंशांवर ३२,००० तास टिकावा. संगणक रोज आठ तास चालला, तर पहिल्या हिशेबाने पावणेतीन वर्षे होतात आणि दुसऱ्याने जवळजवळ अकरा. म्हणजे भाग तोच आणि किंमतही तीच असता, कॅबिनेटमध्ये वारा खेळतो की नाही एवढ्यावर आठ वर्षांचा फरक पडतो. पुढे काच लावून हवेची वाट अडविलेले शोभिवंत कॅबिनेट आणि जाळीचे साधे कॅबिनेट यांत निवड करताना हा हिशेब आठवावयास हवा.

सांध्यांची कथाही अशीच आहे. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघात शिसेयुक्त डाखावर निर्बंध आले आणि चिपच्या जोडणीचे पदार्थ बदलू लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २००८ मध्ये, एनव्हिडियाने जाहीर केले की, लॅपटॉपमध्ये बसविलेल्या तिच्या काही चिप जोडणीच्या कमकुवत पदार्थांमुळे अपेक्षेपेक्षा अधिक संख्येने बिघडत आहेत. त्यापोटी तिने १९ कोटी ६० लाख डॉलरची तरतूद केली. चिपची गणनशक्ती शाबूत होती. तापणे आणि निवणे या रोजच्या फेऱ्यांत चिपच्या खालचे सांधे तडकत होते.

परंतु ज्या भागाकडे ग्राहकाचे लक्ष सर्वांत कमी जाते आणि ज्याच्या हाती सर्व भागांचे प्राण असतात, तो म्हणजे वीजपुरवठा. बाजारातील नावाने ‘एसएमपीएस’. भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या विजेत रूपांतर करतो. १९८१ च्या आयबीएम संगणकाचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता. आज मध्यम प्रतीच्या एकट्या ग्राफिक्स कार्डाला त्याहून अधिक वीज लागते. २०२३ मध्ये आलेल्या ‘आरटीएक्स ४०६०’चा आकडा ११५ वॅट आहे. शिवाय ही मागणी संथ नसते. खेळातील दृश्य पालटताच ती क्षणार्धात वाढते आणि क्षणार्धात ओसरते. हलका एसएमपीएस अशा वेळी व्होल्ट धरून ठेवू शकत नाही आणि संगणक अकस्मात बंद होतो. त्याहून वाईट म्हणजे, तो स्वतः जळताना कधी कधी मदरबोर्ड व कार्ड यांनाही बरोबर नेतो.

यातही छापील आकडा पुष्कळदा भूल पाडतो. जुन्या संगणकांत बराचसा भार ५ आणि ३.३ व्होल्टवर असे. २००० सालानंतर तो क्रमाने १२ व्होल्टकडे सरकला. एखाद्या एसएमपीएसच्या पेटीवर ठळक अक्षरांत ४५० वॅट असे छापलेले असेल, पण बाजूच्या कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यापुढे १८ अँपियर एवढेच असतील, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट हीच त्याची आजच्या कामापुरती शक्ती. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो. २००४ पासून ‘८० प्लस’ नावाचे प्रमाणपत्र प्रचारात आले. पण तेही समजून वाचले पाहिजे. भाराच्या २०, ५० आणि १०० टक्क्यांवर किमान ८० टक्के वीज उपयोगी पडते, एवढेच त्याची मूळ पायरी सांगते. ती काटकसरीची साक्ष होय, टिकाऊपणाची नव्हे. टिकाऊपणाची जवळची खूण म्हणजे कारखानदार किती वर्षांची हमी लिहून देतो, ही.

येथे कोणी म्हणेल की, या अडचणी स्वस्त मालाच्या आहेत. भरपूर पैसे मोजणारास त्यांची बाधा नाही. अलीकडच्या दोन घटना या समजाला छेद देतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘आरटीएक्स ४०९०’ हे त्या वेळचे सर्वांत शक्तिमान खेळकार्ड आले. त्याच्या नव्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत वीज नेता येत असे. जुन्या आठ टोकांच्या जोडणीत १५० वॅटचा भार १२ व्होल्टच्या तीन टोकांवर पडे, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४ अँपियर. नव्या जोडणीत पूर्ण भार सहा टोकांवर आला, म्हणजे प्रत्येकी ८ अँपियरहून अधिक. काही ग्राहकांच्या जोडण्या वितळल्या. जोडणी पुरती आत न बसविल्याने असे घडते, असा खुलासा कंपनीने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात केला आणि पुढील वर्षी जोडणीची सुधारित आवृत्तीही आली. तरी एवढे खरे की, चुकीला सावरून घेणारी जागा त्या रचनेत फार थोडी उरली होती.

दुसरी घटना २०२४ सालची. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर खेळ चालू असता मध्येच कोलमडू लागले. तक्रारींचा भर सर्वांत महाग आणि सर्वांत वेगवान नमुन्यांवर होता. अतिरिक्त विद्युद्दाबामुळे चिपची झीज होत असल्याचे कंपनीने मान्य केले, ऑगस्टमध्ये दुरुस्त आज्ञासंच दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. पण झालेली झीज त्या आज्ञासंचाने भरून येणारी नव्हती. वेगाच्या शेवटच्या टोकापर्यंत ताणलेला भाग किमतीने श्रेष्ठ असला, तरी भरवशाने श्रेष्ठ असतोच असे नाही. मध्यम भाग निवडणारास नाइलाजाने का होईना, पण ही सुरक्षितता पदरात पडते.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य व्यवहारात उतरवावयाचे, तर ते असे दिसते. खेळांसाठी जुळविलेल्या मध्यम किमतीच्या संगणकात सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असावा, कारण दृश्याचा भार त्यावरच पडतो. प्रोसेसर मध्यम पायरीचा पुरतो. मेमरी एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी एकदम माहिती मिळते. कार्यप्रणालीसाठी एसएसडी हवीच. मात्र ज्याची दुसरी प्रत नाही, असे काहीही कोणत्याही एकाच साठ्यावर सोपवू नये. आणि या सर्वांच्या आधी, यादीच्या तळाशी ढकलला जाणारा एसएमपीएस आणि वारा खेळता ठेवणारे कॅबिनेट यांचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. चित्रांचा वेग थोडा उणा पडला तर दृश्याची बारीकी कमी करून खेळ पुढे चालतो. वीजपुरवठा उणा पडला तर खेळच काय, यंत्रही उरत नाही.

मदरबोर्ड निवडताना त्यात पुढे काय बसेल, हे पाहणे अगत्याचे. याचेही एक बोलके उदाहरण आहे. इंटेलने २०१५ मध्ये ११५१ टोकांचा सॉकेट आणला. २०१७ च्या ऑक्टोबरात आलेल्या प्रोसेसरांची टोकेही तितकीच होती, पण त्यांना नवा मदरबोर्ड लागत होता. उलट ‘एएमडी’च्या ‘एएम फोर’ सॉकेटचे २०१७ मध्ये घेतलेले पुष्कळ मदरबोर्ड बायॉस बदलताच २०२२ मधील प्रोसेसरही चालवू लागले. पाच वर्षांनी केवळ एक भाग बदलून यंत्र पुन्हा तरुण झाले. बेताच्या पैशांत याहून मोठी काटकसर नाही.

मात्र निवडीचा हा अधिकार कायमचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. अनेक लॅपटॉपांत मेमरी आता मंडलावर डाख देऊन पक्की केलेली असते. ती वाढविता येत नाही, बदलता येत नाही. ग्राफिक्स कार्डांसाठी नावाजलेल्या ‘ईव्हीजीए’ने २०२२ मध्ये तो व्यवसाय सोडला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून मेमरीला आलेल्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस तिचे भाव झपाट्याने चढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘मायक्रॉन’ने ‘क्रूशल’ या नावाने घरगुती ग्राहकांस मेमरी विकण्याचा उद्योग आवरता घेत असल्याचे जाहीर केले. मोठ्या गिऱ्हाइकापुढे किरकोळ गिऱ्हाईक मागे पडू लागले की, सुट्या भागांची पेठ आपोआप आखडते.

१९८७ मध्ये असाच एक दरवाजा बंद होऊ लागला होता. तो उघडा राहिला, त्याला नऊ कंपन्यांचे संगनमत जितके कारण झाले, तितकाच आपले जुने कार्ड नव्या यंत्रात बसते की नाही हे पाहून मगच पैसे मोजणारा सामान्य ग्राहकही कारण झाला. कॅबिनेटच्या झगमगाटाकडे पाठ फिरवून एसएमपीएसवरील अँपियरचे कोष्टक वाचणारी मुलगी किंवा मुलगा आज नकळत तेच काम करीत असतो. घरचे पैसे तर त्यामुळे वाचतातच. शिवाय भाग निवडून घेणारा माणूस अजून बाजारात आहे, ही गोष्ट कारखानदाराच्या ध्यानात राहते.